आत्या येईपर्यंत बिननावाची

माझ्या भाचीला जन्मल्यापासून दीडेक महिना नाव नव्हतं आणि त्याला कारण मी होते. आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. सख्खी आत्या मी एकटीच, आणि ही आत्या नांदेडात फोन पालथा घालून बसलेली.

आधीचं थोडं सांगायला हवं. त्या वर्षी मी आणि माझी भावजय एकाच वेळी गरोदर होतो. ती उदगीरजवळच्या आमच्या गावी, मी नांदेडला. तिची दुसरी खेप, माझी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पहिली. मी इथं एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवते. दुपारी वर्ग सुटला की तिचा फोन ठरलेला. पाय सुजले का, आंबट खावंसं वाटतं का, लेकरू कोणत्या बाजूनं लाथ मारतंय. ती अनुभवी बाईच्या थाटात मला सल्ले द्यायची, मी तिला पुस्तकातले द्यायचे, आणि दोघीही एकमेकींचं काही ऐकायचो नाही. वयानं ती माझ्यापेक्षा बरीच लहान, पण त्या काही महिन्यांत आम्ही नणंद-भावजय कमी आणि एका बाकावरच्या पोरी जास्त होतो.

श्रावणात, सातव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. दवाखान्यात म्हणाले, बघू नका, त्रास होईल. मी बरं म्हणाले. नवरा आणि भाऊ तिला घेऊन गेले. कुठं नेलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी रडेन म्हणून सगळे वाट बघत होते. माझी माय तर डोळे पुसायला पदर हातात धरूनच बसली होती. मला रडू आलं नाही. दूध तेवढं आलं, चार दिवस येत राहिलं, मग तेही आटलं. त्यानंतर मला काही होईनासंच झालं. सुट्टी संपली तशी मी वर्गावर गेले. पुढे गर्भाच्या वाढीचा धडा आला. दुसऱ्या बाई म्हणाल्या, हा मी घेते. म्हटलं, कशाला? फळ्यावर नाळेची आकृती काढली, रंगीत खडूनं रक्तवाहिन्या दाखवल्या. आकृती सुबक आली. पोरांनी मोबाइलवर तिचे फोटो काढले. मी घरी येऊन भात लावला.

भावजयीचे फोन येत राहिले, मी ते उचलले नाहीत. तिचा राग वगैरे नव्हता. तिच्याशी बोलायला जे लागतं ते माझ्यापाशी उरलंच नव्हतं. भाऊबीजेला वर्गाच्या परीक्षा आहेत असं कळवून टाकलं. दिवाळी सरली आणि भावाचा फोन आला. “आक्का, पोरगी झाली,” तो म्हणाला, आणि असल्या आवाजात, की कुणी गेलं की काय असं वाटावं. मी “अभिनंदन” म्हणाले. सख्ख्या भावाला कुणी अभिनंदन म्हणतं का? पण तेवढंच सुचलं. “नाव काय ठिवायचं?” त्यानं विचारलं. “काहीबी ठेवा,” मी म्हणाले.

ते भावजयीला झोंबलं असणार. तिनं घरात सांगून टाकलं, आत्या आल्याबिगर नाव न्हाई. बारावा दिवस गेला, सव्वा महिना होऊन गेला, पोर आपली नुसती ‘बाई’. बाई उठली, बाई रडायली, बाईला भूक लागली. गावातल्या बायका हसायला लागल्या तरी ही हटेना.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. नांदेड शहरात तिचं कुणाला फारसं काही नसतं, पण लातूरकडे त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळं गाव रानात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, हिरव्या जोंधळ्यात बसून ओल्या दाण्यांची भज्जी आणि ताकात आंबवलेल्या पिठाची आंबील हाणायची, आणि बांधावरून जो जाईल त्याला हाका मारून जेवायला बसवायचं. लेकी, जावई, मित्र, मित्रांचे मित्र, कुणाला नाही म्हणायची सोय नसते. भावानं फोन केला, “येळवसला या. दुसऱ्या दिवशी पाव्हणे हायतच, बारसं उरकून घेऊ.” तो फोन नवऱ्यानं घेतला होता आणि त्यानंच हो म्हणून टाकलं. नवरा रेल्वेच्या ऑफिसात आहे, मुळातच अबोल. श्रावणापासून तर त्याचं बोलणं ‘चहा ठेवू का’ एवढ्यावर आलं होतं. मी म्हटलं, जाऊ या. घरी बसले काय आणि तिथं बसले काय.

माहेरी पाऊल ठेवलं तर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. आदल्या दिवशी घरात भज्जीची तयारी चालली होती. अंगणात पोत्यावर वाटाण्याच्या, तुरीच्या, वालाच्या शेंगांचा ढीग, आणि भोवती बायका सोलायला बसलेल्या. मी जाऊन बसले तर मायनं माझ्या हातातली शेंग काढून घेतली. “राहू दे गं. दमून आलीस.” मला चहा बशीसकट आला. आमच्या घरात बशी निघते ती फक्त सोयरिकीला आलेल्या माणसांसाठी.

माझी शाळेतली मैत्रीण गावातच दिलेली आहे. ही बाई जन्मात कधी खालच्या पट्टीत बोलली नाही. लहानपणी ती मला हाक मारायची तेव्हा दोन गल्ल्यांतली माणसं दारात यायची. तीसुद्धा आली, माझा हात हातात घेतला आणि कुजबुजली, “बरी हाईस का?” मी हाव म्हटलं. ती तशीच हात धरून बसून राहिली. हात घामेजला आहे एवढं मला कळत होतं.

भावजय आतल्या खोलीत, कान बांधून, शेगडीपाशी. मी दारातूनच विचारलं, “कशी आहेस?” ती म्हणाली, “बरी हाय. तुमी?” मी म्हटलं, “बरी.” पाळणा आमच्या दोघींच्या मधेच टांगलेला होता. मग मी पाणी प्यायला म्हणून निघून गेले.

येळवशीला भाऊ डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन पायी पुढे गेला आणि आम्ही बाकीचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मागे. रान चांगलं होतं त्या वर्षी. जोंधळा डोक्याला लागत होता, करडईला फुलं यायला लागली होती. भावानं पूजा केली, पिकाच्या कडेकडेनं आंबील शिंपडत, ओरडत फेरी मारली, आणि पंगत बसली. उदगीरहून त्याचे मित्र मोटारसायकलींवर बायका-पोरांना घेऊन आले होते. भज्जी फर्मास झाली आहे असं सगळे म्हणत होते. मीही म्हणाले. नवऱ्याला लोक आग्रह करकरून वाढत होते आणि तो गप जेवत होता.

जेवणं झाल्यावर लेकरू मांड्यांमांड्यांवरून फिरायला लागलं. मायकडून शेजारणीकडे, शेजारणीकडून भावाच्या मित्राच्या बायकोकडे, तिच्याकडून माझ्या मैत्रिणीकडे. मैत्रिणीच्या पलीकडे मी बसले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, लेकराकडे पाहिलं, मग “उन्हात हाय गं ही,” असं काहीतरी म्हणत उठली आणि मला वळसा घालून लेकरू पलीकडच्या मावशीकडे दिलं. ऊन सगळीकडे सारखंच होतं. दुसऱ्यांदा फिरत आलं तेव्हाही तसंच झालं. माणसं वाईट नव्हती. काहींना माझी कीव येत होती, काहींना माझ्या नजरेची धास्ती वाटत होती, आणि बऱ्याच जणींना दोन्ही. मायनं तर कनवटीची काजळाची डबी काढली आणि लेकराच्या गालाला आणखी एक तीट लावली. आधीची होतीच. मी पाहिलं हे तिला कळलं, तशी ती मान खाली घालून पातेलं विसळायला लागली.

मला राग यायला हवा होता. सख्खी आई माझी नजर लागेल म्हणून तीट लावते, याहून मोठं कारण काय पाहिजे? मी बसून वाट बघितली. राग आला नाही. आंबिलानं गुंगी येते, तेवढी आली. कोपीच्या सावलीला घोंगड्यावर आडवी झाले. डोळे मिटता मिटता भावजय माझ्याकडे एकटक बघताना दिसली. तिच्या ओठांची नुसती रेघ झाली होती.

दुसऱ्या दिवशी बारसं. ओसरीत आढ्याला पाळणा बांधला, भावानं उदगीरहून आणलेले फुगे लावले, चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. बायका जमायला लागल्या तसं मायनं मला न्हाणीपाशी गाठलं. “तुला जड जात असल तर तुझ्या मावशीच्या लेकीला बसवू का पाळण्यापाशी? ती बी आत्याच लागती की.”

“चालेल,” मी म्हणाले. खरंच चालणार होतं. तिथं कोण बसतं यानं मला काही फरक पडत नव्हता.

“न्हाई चालत,” मागून भावजयीचा आवाज आला. लेकराला न्हाऊ घालायला ती गरम पाणी न्यायला आली होती. बादली तिनं इतक्या जोरात उचलली की निम्मं पाणी हिंदकळून बाहेर आलं. मायनं तिच्याकडे पाहिलं आणि चुलीकडची वाट धरली.

तर पाळण्यापाशी मीच बसले. बायकांनी वरवंट्याला कुंची घातली, पाळण्याच्या खालून-वरून तो एकमेकींना दिला-घेतला, पाळणा म्हटला. मग माझी पाळी. मी वाकले, लेकराच्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्र केलं.

आत्या कुर्र करते तेव्हा बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे असतात. नणंदांवरचा सगळा राग काढायची ही गावाला मिळालेली हक्काची संधी. माझ्या बारशाला माझ्या आत्याची पाठ म्हणे आठवडाभर शेकावी लागली होती. माझ्या पाठीवर हात पडले, पण पापड वाळला का बघावं तसे. कुणी दोन बोटं टेकवली, कुणी नुसताच पदर सारखा केला. मैत्रिणीनं चक्क पाठीवरून हात फिरवला.

“काय नाव ठिवलं, आत्याबाई?” एका म्हातारीनं विचारलं.

मी नाव ठरवून आलेच नव्हते. आता हे लोकांना खोटं वाटेल, पण नांदेडहून गावापर्यंत, आणि त्या दोन दिवसांत, नाव लागणार आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कुणी खोकलं. म्हातारीनं पुन्हा विचारलं.

तेवढ्यात पाठीत दणका बसला. असा, की माझं कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटलं. वळून बघते तर भावजय पाटावरून उठून माझ्या मागे उभी. मूठ अजून वळलेलीच.

“तुमी हिच्या आत्या का पाव्हण्या?” ती ओरडली. “फोन उचलनात, लेकराला घेईनात, अन् आता नाव बी ठिवनात. काय वाईट केलं मी तुमचं? माझं लेकरू जगलं हाच गुन्हा झाला का माझा?”

बायकांनी तोंडाला पदर लावले. माय “अगं, अगं” करत पुढे आली. ओसरीच्या कडेला पुरुष बसले होते, तेही उठून उभे राहिले. भावजय आता रडत होती आणि रडतानाही मूठ सोडत नव्हती. माझी पाठ झणझणत होती. खरंच लागलं होतं. श्रावणापासून मला कुणी एवढ्या जोरात हातच लावला नव्हता.

ती माझ्याशेजारी खाली बसली, माझ्या कानाशी आली आणि एकदम लहान आवाजात म्हणाली, “ते ठिवा ना, आक्का. आपण बोललेलं.”

ते नाव म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. उन्हाळ्यात कधीतरी मी फोनवर म्हटलं होतं, मुलगी झाली तर मी अमुक नाव ठेवणार. ती किंचाळलीच, कारण तिनंही तेच हेरून ठेवलेलं. मग दोन दिवस आमची त्यावरून भांडणं. शेवटी तह झाला: जिची आधी येईल तिला ते नाव, दुसरीनं दुसरं शोधायचं. मी हसून म्हटलं होतं, तारीख तुझीच आधीची, तूच जिंकणार.

“ते न्हाई ठेवता यायचं,” मी म्हणाले.

“ठिवा हो. माझं काही म्हणणं न्हाई.”

“ते दिलेलं हाय,” मी म्हणाले. आवाज मोठा निघाला, माझा मलाच ओळखू आला नाही. “माझी आधी आली.”

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. बाकीच्यांना काही कळलं नाही. कुणाला वाटलं नात्यातल्या कुठल्या पोरीला ते नाव असेल. म्हातारी तर म्हणालीसुद्धा, “मग दुसरं ठिवा की, नावाचा काय दुष्काळ पडलाय व्हय?”

मी पाळण्यात हात घातला आणि लेकराला उचललं. तोवर मी तिला नीट पाहिलंच नव्हतं. ओव्याच्या धुरीचा वास येत होता. एका कानाची पाळी दुमडलेली, अगदी माझ्या भावाची. गालावर तिटांची गर्दी. एवढ्या गोंधळात बाई जागी होती आणि माझ्या गळ्यातल्या मण्यांकडे बघत होती. माझ्या मनात माया वगैरे दाटून आली असं काही झालं नाही. ही वेगळी आहे, ही ती नाही, एवढंच मला स्वच्छ दिसलं. मग एक नाव सुचलं. साधं, दोन अक्षरांचं. मी ते तिच्या कानात सांगितलं आणि मग ओसरीला ऐकू जाईल असं म्हटलं.

त्यानंतर मात्र बायकांनी कसर ठेवली नाही. मैत्रिणीचा गुद्दा तर असा होता की लेकरू हातातून सुटेल म्हणून भावजयीनं ते ओढून घेतलं. “लई मऊ हातानं मारायलो होतो गं सगळ्या,” मैत्रीण आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली आणि तो आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल. मायनं घुगऱ्यांची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. बशी दिली नाही.

त्याच दुपारी आम्ही निघालो. भावजय दारापर्यंत आली. “फोन करते,” ती म्हणाली. “कर,” मी म्हटलं.

उदगीरच्या स्टँडवर बसमध्ये जागा मिळाली. मला पाठ टेकता येत नव्हती, मी पुढे वाकून बसले. नवरा खिडकीशी. बरंच अंतर गेलं. मग खिडकीबाहेर बघतच त्यानं विचारलं, “तू म्हणालीस ना, माझी आधी आली. काय नाव होतं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याला माहीतच नव्हतं. पोटातल्या लेकराचं नाव आधी फुटू देऊ नये म्हणतात. मी भावजयीला बोलून गेले होते, त्याला सांगितलं नव्हतं. मग सांगायचं काही कारणच राहिलं नाही. मी नाव सांगितलं. बसच्या खडखडाटात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं.

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, “गोदावरीच्या काठी नेलं होतं तिला. खड्डा घेणाऱ्या माणसानं नाव विचारलं. मी म्हणालो, नाव ठेवलेलं नाही.”

मग त्यानं ते नाव म्हणून बघितलं. एकदा, मग परत एकदा, हळू, चुकू नये अशा बेतानं. तिला कुणीतरी नावानं हाक मारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला रडू फुटलं. थांबवता येईना. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. तिला वाटलं मला बस लागली. तिनं पिशवीतून लिंबू काढून माझ्यापुढे धरलं, आणि मी ते घेतलं.